पोपटी हिरानंदानी वाचायला शिकवणाऱ्या मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव या पत्रात येऊ नये ही आपली अट मी पाळते आहे; आभार मानायचे नाहीत ही दुसरी अट पाळणे मात्र मला जमणार नाही. आमच्या वाचनमंडळात स्त्रियांच्या आत्मचरित्रांवर बोलण्याची वेळ आली, तेव्हा सिंधी लेखिका पोपटी हिरानंदानी यांचा विषय मी त्यांच्या आत्मचरित्राच्या इंग्रजी अनुवादाच्या भरवशावर अंगावर घेतला होता. त्यातून त्यांच्या आयुष्याची रूपरेषा हाती आली, पण त्यांच्या कविता अरबी वळणाच्या सिंधी लिपीतच अडकून राहिल्या. मला ती लिपी वाचता येत नाही हे कळल्यावर आपण ‘दुपारी येत जा’ एवढेच म्हणालात आणि अख्खा पावसाळा आपली दुपारची विश्रांती बाजूला ठेवून उल्हासनगरच्या आपल्या घरी मला एकेक ओळ वाचून दाखवलीत.

आपल्या शिकवण्याची पद्धत मला फार आवडली. आधी ओळ पूर्ण वाचायची, मग उजवीकडून डावीकडे अक्षरांखाली पेन्सिल फिरवायची आणि अर्थ सर्वांत शेवटी सांगायचा. ‘भ’साठी एका अक्षराखाली चार टिंबे देणारी ही बावन्न अक्षरांची वर्णमाला पाहून मी पहिल्या दिवशीच हबकले होते. श्वास आत ओढून उच्चारायचे ते चार वर्ण तर मला अजूनही नीट साधत नाहीत, आणि त्यावर आपण खळखळून हसत असा, हेही येथे नोंदवून ठेवते.

पोपटीबाईंचा जन्म १७ सप्टेंबर १९२४ रोजी सिंधमधल्या हैदराबादचा. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता आणि १ एप्रिल १९३६ रोजी तो वेगळा प्रांत झाला, ही गोष्ट आम्ही मराठी माणसे किती सहज विसरून गेलो आहोत, हे आपल्या बोलण्यातून प्रथम जाणवले. घराघरांच्या छपरांवर वारा खाली ओढून घेण्यासाठी बांधलेली मंघांची रांग, फुलेलीचा कालवा, सरकारी नोकऱ्यांत मुरलेल्या आमिल कुटुंबांची वस्ती असे ते शहर आपण वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढून समजावलेत. त्यानंतर त्यांची प्रत्येक ओळ मला कुठेतरी वसलेली दिसू लागली.

सर्वांत ऋणी मी आहे ती ‘देती-लेती’विषयी, म्हणजे सिंधी समाजातल्या हुंड्याच्या देवघेवीविषयी, आपण जे सांगितलेत त्यासाठी. पोपटीबाईंनी हुंडा मागणाऱ्या घरात लग्न करण्यास नकार दिला आणि त्या आजन्म अविवाहित राहिल्या, हे वाक्य मी माझ्या टिपणात एका दमात लिहून मोकळी झाले होते. आमिल समाजात शिकलेल्या, हुद्द्यावरच्या मुलाचा भाव कसा चढत जाई, तीन-चार मुली असलेल्या घराची त्यापायी काय अवस्था होई, आणि हा प्रकार इतका हाताबाहेर गेला की सिंध प्रांताला १९३९ मध्ये देती-लेतीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, हे आपण उलगडून सांगितलेत तेव्हा त्या नकाराचे खरे वजन कळले. भारतात हुंडाबंदीचा कायदा आला तो १९६१ मध्ये. म्हणजे कागदावर कायदा होता आणि तरीही पैसे मागितले जात होते, अशा काळात एका तरुण मुलीने आपले सारे आयुष्य त्या नकारामागे उभे केले. पुढे त्या लेखनातून आणि व्यासपीठावरून हुंड्याविरुद्ध बोलत राहिल्या, तेव्हा त्या शब्दांना स्वतः मोजलेल्या किमतीचा आधार होता. आपल्याकडच्या हुंडाविरोधी भाषणांना तो क्वचितच असतो, असे माझे मत आहे.

सिंधी सूफी कवी शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्याकडे आपण मला वळवलेत, तेही याच ओघात. पोपटीबाईंनी शाहांवर अभ्यासपूर्ण लेखन केले एवढी माहिती मला होती, पण त्या ओढीचे मूळ आपण मारुईची कथा सांगितलीत तेव्हा उमगले. राजा उमरने पळवून नेलेली ही मलीरची मुलगी त्याच्या किल्ल्यात रेशीम नाकारते आणि आपल्या माणसांची जाडीभरडी लोई (घोंगडी) अंगावेगळी करत नाही. तिला अबला म्हणणाऱ्यांना शाह वाचता येत नाहीत, असे आपण जरा रागानेच म्हणालात आणि मी ते जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले.

फाळणीनंतरचा भाग मला तुलनेने परिचित होता. कल्याणच्या लष्करी छावण्यांत निर्वासितांची वस्ती झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, हे इथल्या कोणालाही ठाऊक असते. हैदराबादहून आलेल्या सिंधी शिक्षणप्रेमींनी मुंबईत पुन्हा महाविद्यालये उभी केली. त्यांतल्याच चर्चगेटच्या के. सी. महाविद्यालयात पोपटीबाईंनी सिंधी शिकवली. १९६७ मध्ये सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, त्या मागणीतही त्या होत्या. ज्या भाषेला स्वतःचे राज्य नाही, तिला वर्गातल्या बाकांवर जिवंत ठेवण्याचे काम किती चिकाटीचे असते, ते आपणही आयुष्यभर केलेत. त्यामुळे या भागावर आपण कमी बोललात आणि मीही फार विचारले नाही.

त्यांच्या आत्मचरित्राचे मूळ नाव ‘मुंहिंजीअ हयातीअ जा सोना रोपा वर्क’, आणि त्याला १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या दबावाखाली न येता आपण त्यांच्या काही कविता घोषणेच्या अंगाने जातात, असे स्पष्ट सांगितलेत. आपल्या भाषेतील लेखिकेची ओळख परक्या वाचकाला करून देताना तिला देव्हाऱ्यात बसवण्याचा मोह किती मोठा असतो! आपण तो टाळलात, म्हणून रागावणारी, हिशेब मागणारी, एकट्या बाईने शहरात राहणे म्हणजे काय हे आडपडदा न ठेवता सांगणारी पोपटीबाई मला भेटली. १६ डिसेंबर २००५ रोजी त्या गेल्या, मुंबईतच. इतकी वर्षे त्या लोकलच्या अंतरावर होत्या आणि आमच्यापैकी बहुतेकांना त्यांचे नावही माहीत नव्हते, याची खंत मंडळातल्या बऱ्याच जणींनी बोलून दाखवली.

आपण दुरुस्त करून दिलेल्या सात कवितांचे मराठी कच्चे खर्डे मंडळाच्या ग्रंथालयात ठेवले आहेत. तपकिरी वेष्टन घातलेले आपले पुस्तक येत्या मंगळवारी परत आणते. पोपटीबाईंच्याच जन्माच्या महिन्यात, त्याच हैदराबादेत जन्मलेल्या सुंदरी उत्तमचंदाणी यांच्या कथा आपल्या कपाटात वरच्या फळीवर मी पाहून ठेवल्या आहेत. आपली प्रकृती आणि सवड असेल तर दिवाळीनंतर त्यांना हात घालावा, ही विनंती.

आपली नम्र,
वाचनमंडळातील एक सभासद