किनोत्तो मिळालं!

मेलबर्न

प्रिय सुध्या,

ख्यालीखुशाली मागाहून, आधी बातमी: किनोत्तो मिळालं! इटलीत जेनोआला आपण बंदरावर बसून प्यायचो तेच पेय. रंगाने कोला, पण घोट उतरला की जिभेच्या मुळाशी कडू.

इथल्या सुपरमार्केटात नुसता गोडाचा मारा. कामावरच्या एका माल्टीज बाईंनी किनी नावाच्या पेयाचं नाव काढलं. त्यांच्या माल्टात ते 1952 पासून निघतं, कडू संत्री आणि वनस्पतींच्या अर्कांचं. मेलबर्नच्या पश्चिमेला माल्टीज वस्ती जुनी. तिथल्या एका दुकानात मिळालंही. उन्हातून आल्यावर छान लागतं, पण झाडपाल्याचा वास पुढे येतो. आपलं नव्हे ते.

मग लायगन स्ट्रीट गाठला, इथल्या इटालियन लोकांचा रस्ता. एका वाण्याकडे खालच्या फळीवर, पास्त्याच्या पाकिटांमागे, छोट्या काचेच्या बाटल्या! दुकानातले आजोबा लिग्युरियाचेच, म्हणजे जेनोआच्याच प्रांतातले, निघाले. मी किनोत्तो मागतोय म्हटल्यावर त्यांनी खुर्चीच दिली. किनोत्तो हे मुळात फळाचं नाव, आणि त्याच प्रांतातल्या सावोनाच्या किनाऱ्यावर याची झाडं. पानं बारीक, फळ लहान संत्र्याएवढं, आणि नुसतं तोंडात घालवत नाही इतकं कडू. म्हणून तिकडचे लोक ते समुद्राच्या पाण्यात मुरवत आणि मग साखरेच्या पाकात टाकत. मधल्या काळात लागवड जवळजवळ संपलीच होती. पुढे स्लो फूडवाल्यांनी, म्हणजे स्थानिक जुने खाद्यपदार्थ जपणाऱ्या चळवळीने, ती हाती घेतली म्हणून टिकली. बाटलीतलं किनोत्तो त्या मानाने अलीकडचं. सानपेलेग्रिनो या इटालियन पेय कंपनीने ते 1932 साली काढलं. आपण ज्याला नुसतं 'काळं' म्हणायचो त्यामागे एवढं सगळं आहे, सुध्या!

धीर कुठला निघतोय, बाहेरच्या बाकावरच बाटली उघडली. तांबूस फेस आला आणि लगेच बसला. आधी जळक्या साखरेचा वास, मग गोड, मग संत्र्याची साल, आणि सगळ्यात शेवटी तो कडूपणा, आईच्या मुरलेल्या लिंबाच्या लोणच्यातल्या सालीसारखा, बराच वेळ रेंगाळणारा. मला हवा होता तो हाच. कडू कमी केलं की या पेयात काही उरत नाही, हे माझं ठाम मत आहे.

डिसेंबरात पुण्याला येतोय. बाटल्या स्वेटरमध्ये गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकतो. तू फक्त फ्रीजमध्ये जागा कर. बर्फ अजिबात नको, पाणचट होतं. संत्र्याची चकती चालेल. वहिनींसाठी वेगळी बाटली आणतोय, त्यांना आपल्यातला घोटभर देऊन भागवायचं नाही.

काकूंना नमस्कार सांग. आणखी काही हवं असेल तर लवकर कळव, काचेचं वजन फार होतं.

तुझा,
नंदू