हिरवळ बदलू नका, आधी जमीन मोकळी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात मैदानावरची हिरवळ विरळ झाली की एकच उपाय सुचतो, जुनी उपटायची आणि नवी आणून अंथरायची. काही दिवसांनी तीही विरळ होते. दोष गवताचा नसतो. आपली काळी माती ओली असताना तिच्यावर खेळ झाला, ट्रॅक्टर फिरला किंवा मंडप उभा राहिला की ती आवळते. मग मुळांना हवा मिळत नाही, पाणी वरच साचते आणि चैत्र-वैशाखात भेगा पडतात.

तिथे पोकळ दातांचा एरेटर, म्हणजे जमिनीला भोके पाडणारे यंत्र, हवे. साधारण 12 मिलिमीटर जाडीच्या मातीच्या कांड्या ते 10 सेंटिमीटर खोलीपर्यंत उपसून काढते. दोन भोकांत 5 सेंटिमीटर अंतर ठेवावे. भरीव खिळ्यांच्या रुळावर काळ्या मातीत विसंबू नये. खिळा माती बाजूला रेटतो, त्यामुळे भोकाच्या कडा आणखी घट्ट होतात. हे काम जून-जुलैत, हरळी जोमात वाढत असताना आणि वाफसा आल्यावरच करावे. चिखलात भोकाच्या भिंती लिंपल्या जातात, कोरड्यात दात आत जातच नाहीत.

कांड्या गोळा करून भोकांत धुतलेली, चाळलेली वाळू झाडूने भरावी. एक ब्रास (100 घनफूट) वाळू सुमारे साडेपाचशे चौरस मीटरला पुरते. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, घेतल्यास तिची भुकटी धुऊन काढलीच पाहिजे, नाहीतर भोके पुन्हा बुजतात. भोके न पाडता नुसती वरून वाळू पसरणे तर सर्वांत वाईट. वाळूचा थर वेगळा, मातीचा वेगळा राहतो आणि मुळे वरच्या थरातच अडकतात.

पाण्याचेही तेच. रोज पाइपने शिंपडल्याने मुळे वरच राहतात. आठवड्यातून दोनदा, पहाटे, चौरस मीटरला 12 ते 15 लिटर द्यावे. तेही दोन हप्त्यांत, मध्ये अर्धा तास थांबून, कारण काळी माती सावकाश पिते. पाणी भरपूर असूनही कोवळी पाने पिवळी पडली आणि शिरा हिरव्या राहिल्या, तर चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही असे समजावे. तिथे युरिया वाढवून उपयोग नाही. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट घालून सायंकाळी फवारावे.

कापणीला रीळ मोअर, म्हणजे फिरत्या पात्यांच्या रिळाचे गवत कापायचे यंत्र, चांगले, पण त्याची पाती एकमेकांशी नीट जुळवलेली हवीत. रीळ आणि खालच्या पात्यामध्ये कागदाची पट्टी धरून रीळ हाताने फिरवावे. पट्टी सगळ्या लांबीत स्वच्छ कापली गेली पाहिजे. कापणीनंतर दोन दिवसांनी मैदान पांढुरके दिसले, तर पाते बोथट आहे, गवत फाटते आहे. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. 20 मिलिमीटर ठेवायचे तर 30 झाल्यावर यंत्र काढावे. उन्हाळ्यात उंची थोडी वाढवावी. जड रोलर खेळपट्टीसाठी आहे, बाहेरच्या हिरवळीवर तो फिरवूच नये.

मैदानांच्या निविदेत नव्या हिरवळीच्या चौरस मीटरबरोबर वर्षातून एकदा भोके पाडणे, वाळूचे ब्रास आणि पात्यांना धार या तीन बाबी स्वतंत्रपणे लिहाव्यात, आणि भोकांची खोली पट्टीने मोजूनच बिल मंजूर करावे, ही विनंती.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक, सोलापूर