खोडलेल्या ओळीबद्दल आभार

प्रिय ताई,

गणिताची स्पर्धा परवा झाली. निकाल यायचाय, पण त्याआधीच लिहायला बसले आहे. निकाल काहीही लागो, मला जे सांगायचंय ते बदलणार नाही.

तुला कदाचित आठवतही नसेल. वाचनालयात माझ्यापुढे एक प्रश्न होता. अ आणि ब या चौरस मॅट्रिक्स, म्हणजे संख्यांचे चौकोनी तक्ते, अब − बअ = अ, तर अ चा डिटर्मिनंट (मॅट्रिक्सवरून काढलेली एक संख्या, ती शून्य असली की मॅट्रिक्सला व्यस्त नसतो) शून्य असतो हे दाखवा. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्स घेऊन, आठ अक्षरं मांडून मी समीकरणांमागून समीकरणं लिहीत होते. दोन पानं भरली, आणि खरं सांगायचं तर डोळेही भरून आले होते. तू समोरच्या खुर्चीत बसलीस, वही स्वतःकडे फिरवलीस, पहिल्या पानाच्या कोपऱ्यातल्या एका खोडलेल्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलीस आणि विचारलंस, "हे का खोडलंस?"

तिथे लिहिलं होतं, 'अ ला व्यस्त असता तर?' व्यस्त म्हणजे अ ला गुणल्यावर एकक मॅट्रिक्स देणारी मॅट्रिक्स.

मी म्हटलं, हे फारच साधं वाटलं. अशा स्पर्धेत इतकं साधं कसं चालेल? तू म्हणालीस, "चालतं की नाही ते तो प्रश्न ठरवेल. पुढे लिही." आणि स्वतःचं वाचायला लागलीस. उत्तर सांगितलं नाहीस, पण उठूनही गेली नाहीस. दोन्ही बाजूंना उजवीकडून अ च्या व्यस्ताने गुणलं, मग ट्रेस, म्हणजे कर्णावरच्या संख्यांची बेरीज, घेतला. दोन मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा क्रम उलटला तरी ट्रेस तोच राहतो. म्हणून डावीकडे शून्य, उजवीकडे मॅट्रिक्सचा आकार, म्हणजे तिच्या ओळींची संख्या 'न'. शून्य = 'न'! म्हणजे व्यस्त असूच शकत नाही. तीन ओळी. पहिल्या वर्षात शिकलेलं गणित.

याच्या आधी मी ज्यांच्याकडे गेले होते त्यांनी माझी वही उघडलीसुद्धा नव्हती. "टोपॉलॉजी झाली? मेझर थिअरी झाली? गॅल्वा थिअरी? नाही ना, मग हा नाद सोड." सगळे गणिताचे पुढचे, जड विषय. मी त्यांचं खरं मानलं. एक अख्खं सत्र मेझर थिअरीची प्रकरणं वाचण्यात घालवलं आणि तरी स्पर्धेचा एकही प्रश्न सुटेना, तेव्हा दोष माझ्या डोक्याचाच आहे अशी खात्री झाली. त्या सत्राचा राग अजून गेलेला नाही. तो विषय सुंदर आहे, पण मला हवं होतं ते तिथे नव्हतं. एखाद्याला काय येत नाही याची यादी वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागतं. त्याला काय येतंय ते शोधायला मात्र शेजारी बसावं लागतं.

नंतरच्या महिन्यांत मी जे शिकले ते सगळं तुझ्या त्या प्रश्नातून निघालं. सलग फलाची किंमत मधल्या प्रत्येक संख्येवरून जाते, हे प्रमेय मला पाठ होतं. पण शून्य ते एक या अंतरातून त्याच अंतरात जाणाऱ्या सलग फलाला स्थिर बिंदू, म्हणजे फल ज्याला जागचा हलवत नाही असा बिंदू, असतोच, हे सिद्ध करताना फलातून क्ष वजा करायचं सुचायला मला दोन संध्याकाळ लागल्या. रँक, आयगेन किंमती (मॅट्रिक्स काही खास दिशांना जितक्या पटीने ताणते त्या संख्या), मोड्युलो अंकगणित, इंडक्शन, पिजनहोल यांचंही तसंच. नावं सगळी ओळखीची, पण त्यांच्याशी कधी बोलणंच झालं नव्हतं. पिजनहोलचंच घे. पाच बिंदू एका चौरसात टाकले आणि चौरसाचे चार भाग केले की दोन बिंदू एका भागात येणारच, एवढ्याशा गोष्टीवर किती काही उभं राहतं! पार्श्वभूमी लागते ती ही. फार उंच नसेल, पण हाताखालची हवी.

आणि पुटनम या अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांच्या गणित स्पर्धेबद्दल तू जे सांगितलंस ते. 1938 पासूनची स्पर्धा, बारा प्रश्न, 120 गुण, आणि कित्येक वर्षी मधल्या स्पर्धकाला शून्य किंवा एक गुण. मला धीर द्यायचा म्हणून तू ते सांगितलं नव्हतंस, बोलता बोलता सहज म्हणालीस. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

तुझा स्वतःचा प्रबंध तेव्हा अडकला होता, हे मला फार उशिरा कळलं. तरी तू तिथे पाऊण तास बसलीस. ज्याला येतं त्याने न येणाऱ्यासमोर घाई न करता बसणं, याहून मोठा चांगुलपणा मला तरी या विषयात भेटलेला नाही.

जाताना तू पानाखाली लिहून गेली होतीस, 'डिटर्मिनंट शून्य एवढंच? अ चा कुठलातरी घातच शून्य होतो, ते दाखव.' ते काल रात्री जमलं, ताई. अ चा कितवाही घात घे, त्याचा ट्रेस शून्यच येतो, म्हणून सगळ्या आयगेन किंमती शून्य, आणि तसं असलं की कुठलातरी घात शून्य होतोच. यावेळी एकही ओळ खोडलेली नाही. सोमवारी वही घेऊन येते.

तुझी,
समोरच्या खुर्चीतली