दुखायची थांबलेली दाढ

कराड,
रविवार, दुपार

प्रिय शैला,

परवा फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तुझ्यावर चिडून बसले होते. "हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून त्या बाजूला ब्रशच लावत नाही. वयाप्रमाणे दात जायचेच ना गं!" हे तू असं सांगितलंस, जसं काही केस पांढरे झाल्याचं सांगतेस. घरात पाहुणे होते, भांडता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी माझीच फजिती ऐक. मागच्या वर्षी पुतण्याच्या लग्नात माझी डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली. दोन महिने लवंग दाबून काढले. मग एक दिवस ठणका आपोआप थांबला. मी इतकी खूश, की देवापुढे साखर ठेवली! दिवाळीत चकल्या तळताना गाल तापल्यासारखा वाटला. कढईची धग असेल म्हटलं. सकाळी आरशात बघते तर जबड्याखाली कैरी ठेवल्यासारखी सूज. दाताच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून मुळाच्या टोकाशी काळी सावली दाखवली. म्हणाले, "ठणका थांबला तेव्हा दाढ बरी झाली नव्हती, आतली नस मेली होती. पू तेव्हापासून साठतोय." लवंगेच्या दिवसांत गेले असते तर रूट कॅनाल करून दाढ राहिली असती. आता वरून इतकी पोखरली होती की कॅप बसवायलाही काही उरलं नव्हतं. काढली.

मग त्यांनी विचारलं, "रात्री ब्रश करता?" बत्तीस वर्षं पोरांची नखं तपासणारी बाई मी, गप्प बसले. आपल्याकडे दात घासणं हे चहाआधीचं काम. हॉस्टेलवर आपण रात्री डब्यातले लाडू खाऊन तशाच झोपायचो, आठवतंय? दिवसभर लाळ तोंड धूत असते, जंतूंनी केलेलं आम्ल पातळ करत असते. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणजे रात्री अडकलेल्या कणाला सकाळपर्यंत मोकळं रान. एकदाच घासायचं झालं तर मी आता रात्रीचं निवडेन, पण तसं निवडायचं कारण नाही. दोन्ही वेळा दोन-दोन मिनिटं, मऊ ब्रशने, आणि रात्री घासल्यावर पेस्ट नुसती थुंकायची. खळखळून चूळ भरली की त्यातलं फ्लोराइडही वाहून जातं. ही शेवटची गोष्ट मला साठीत कळली!

आता तुझं रक्त. तू अगदी उलटं करते आहेस. हिरडीच्या कडेला जो चिकट थर बसतो, त्याने हिरडी सुजते आणि सुजलेली हिरडी रक्त काढते. ब्रश लागला म्हणून नव्हे, नीट लागत नाही म्हणून. हलक्या हाताने, ब्रश हिरडीकडे जरा तिरका धरून रोज घासलंस तर बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांत फरक पडतो. पण थर जुना होऊन त्याचं कीटण झालं असेल तर ते ब्रशने निघत नाही, खरवडूनच घ्यावं लागतं. आणि "साफ केल्यावर दात हलायला लागतात" हे तुझ्या जाऊबाईंचं शास्त्र मला सांगू नकोस. दात आधीच सैल झालेले असतात, कीटणाने ते नुसते धरून ठेवलेले असतात. भाऊजींना तर घेऊनच जा. त्यांची साखर आहे, आणि साखरेचं नि हिरड्यांचं साटंलोटं असतं: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात यायला त्रास देते.

आमच्याकडे सासूबाईंची वेगळीच कथा. त्यांची मिश्री तू पाहिली आहेस. तव्यावर तंबाखू करपेपर्यंत भाजायची, सगळ्या घराला ठसका, मग चुरून डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळत ओट्यावर तास तास बसायचं. "दात वज्रासारखे राहतात" म्हणायच्या. तीच बाई पासष्टीत बोळकी झाली. दात घासायची म्हणून धरलेली वस्तू, पण ती तंबाखूच. घेतली नाही की डोकं धरायचं, पोट साफ व्हायचं नाही. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला तेव्हा मी हट्टाने तपासायला नेलं. सुदैवाने साधा निघाला. एक्क्याऐंशीव्या वर्षी चार वेळांवरून एका वेळेवर आल्या आहेत. पूर्ण सुटली असं खोटं कशाला लिहू?

कवळी बसवली तर रात्रीही काढायच्या नाहीत. नातवासमोर लाज! टाळू लालभडक झाला, तेव्हा कुठे ऐकलं. आता झोपताना साबण आणि मऊ ब्रशने धुऊन वाटीत पाण्यात. पेस्टने घासली तर चरे पडतात आणि उकळतं पाणी घातलं तर आकार बिघडतो, हे दोन्ही प्रयोग आम्ही केले आहेत.

नातवाचं मात्र मन लावून ऐक, कारण तुझी नात पण सहाचीच. अथर्वच्या शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ आली. आधीचं काही पडलं नाही, म्हणून सुनेला वाटलं ही पण दुधाचीच, पडेल. ती पक्की दाढ होती, आयुष्यभराची! आणि तिच्या खाचेत काळा ठिपकाही दिसायला लागला होता. वेळेत कळलं म्हणून नुसतं भरून भागलं. आता रात्री त्याचं डोकं माझ्या मांडीवर, मोबाईलचा टॉर्च लावायचा आणि मी घासते. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच घासावं म्हणतात, आणि पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नको. परवा घासून झाल्यावर म्हणतो, "आजी, आता तू आ कर." वाकून बघितलं आणि ओरडला, "तुझी एक खिडकी उघडी आहे!"

शैला, तोवर घरात माझ्या तोंडात कुणी बघितलंच नव्हतं. डोळे, गुडघे, बीपी, सगळं आपण एकमेकींना सांगतो. दातांचं सांगतो ते गाल सुजल्यावर.

तू खर्चाचं म्हणालीस. अगं, नागपुरात राहून? मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ, रांग धर, सोबत विणकाम ने. शिकणारी पोरं हात लावतात म्हणून घाबरू नकोस, मागे त्यांचे सर उभे असतात. आईंनाही ने. बीपीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं म्हणतात ना त्या? ते पण तिथे सांग, आणि सारखी खडीसाखर चघळू देऊ नकोस.

पुढच्या आठवड्यात भाचा नागपूरला येतोय, त्याच्याबरोबर भाजणीच्या चकल्या पाठवते आहे. यंदा जरा कडक झाल्यात. केसपेपरचा फोटो पाठवलास की डबा उघडायचा, तोवर भाऊजींकडे ठेवायला सांगितलंय.

तुझी,
विजू