सूत्र पाठ आहे, पण रेघ कुठवर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणांचे प्रकरण सुरू झाले की सोलापुरातल्या शाळांत आणि शिकवण्यांत एकच घोष चालतो : 'मायनस बी प्लस ऑर मायनस अंडर रूट बी स्क्वेअर मायनस फोर एसी अपॉन टू ए.' म्हणजे ए·क्ष² + बी·क्ष + सी = ० या समीकरणाची उत्तरे (−बी ± √(बी² − ४एसी))/२ए; ए, बी, सी हे त्याचे सहगुणक. पाठांतराला आमची हरकत नाही. पण वर्गमूळाच्या चिन्हाखाली नेमके काय काय येते आणि 'अपॉन'ची रेघ कुठून कुठवर जाते, हे या घोषात ऐकूच येत नाही. सूत्र तोंडपाठ असलेल्या मुलांचे गुण नेमके तिथेच जातात.

सोलापुरी चादरीचे उदाहरण घ्या. लांबी रुंदीपेक्षा अडीच फूट जास्त, क्षेत्रफळ साडेसदतीस चौरस फूट. रुंदी क्ष मानली तर क्ष(क्ष + २.५) = ३७.५; दुप्पट करून मांडले की २क्ष² + ५क्ष − ७५ = ०. विवेचक, म्हणजे वर्गमूळाखालचे बी² − ४एसी, २५ + ६०० = ६२५, त्याचे वर्गमूळ २५. आता (−५ ± २५) हा सगळा अंश ४ ने भागायचा : क्ष = ५ किंवा −७.५. रुंदी ५ फूट, लांबी साडेसात. मात्र रेघ फक्त २५ च्या खाली ओढली तर −५ ± ६.२५ होते आणि रुंदी येते सव्वा फूट. त्या चादरीचे क्षेत्रफळ पाच चौरस फूटही भरत नाही, पण उत्तर धन आले म्हणून मुलगा पुढच्या प्रश्नाकडे वळतो. −७.५ हे मूळही (म्हणजे समीकरणाचे उत्तर) नुसते 'ऋण म्हणून अमान्य' लिहून सोडू नये. −७.५ मध्ये २.५ मिळवले की −५, आणि दोघांचा गुणाकार पुन्हा ३७.५ च. समीकरणाला हे मूळ मान्यच आहे. चादरीला ते लागू पडत नाही, एवढेच.

रेघ तिथे का असते, हे कळायला सूत्र एकदा तरी हाताने काढले पाहिजे. पूर्ण वर्ग करताना आधी ए ने भागले की बी/२ए सारखे अपूर्णांक येतात आणि वर्गातली निम्मी मुले तिथेच मागे पडतात. प्राचीन भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची रीत याहून कितीतरी सोपी आहे. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ती रीत श्रीधरांच्या नावानिशी नोंदवून ठेवली आहे : दोन्ही बाजूंना ४ए ने गुणा आणि बी² मिळवा. वरच्या उदाहरणात २क्ष² + ५क्ष = ७५ ला ८ ने गुणले की १६क्ष² + ४०क्ष = ६००. दोन्हीकडे २५ मिळवले की (४क्ष + ५)² = ६२५. म्हणून ४क्ष + ५ = ±२५. आता ५ पलीकडे नेला की ४क्ष = −५ ± २५, आणि ४ ने भागताना उजवीकडचे सगळेच भागले जाते. फळ्यावर हे पाच ओळींत मावते. एकही अपूर्णांक मध्ये येत नाही.

दुसरी मोठी गळती चिन्हांची. २क्ष² − ७क्ष − ३ = ० पाहा. बी = −७, सी = −३. कंस न घालता −७² लिहिले की −४९ होते, विवेचक −२५ येतो आणि मुलगी 'वास्तव मुळे नाहीत' लिहून मोकळी होते. याहून घातक चूक सी चे ऋण चिन्ह सोडण्याची. मग विवेचक ४९ − २४ = २५ येतो, वर्गमूळ ५, मुळे ३ आणि १/२. उत्तर इतके सुबक की शंकाच येत नाही. खरा विवेचक ४९ + २४ = ७३, आणि मुळे (७ ± √७३)/४. 'कृती पूर्ण करा' या प्रकारात मांडणी छापलेलीच असते, चौकटीत फक्त संख्या भरायची. त्यामुळे तिथे ही चूक झाकली जाते आणि स्वतः मांडायची वेळ आली की उघडी पडते.

यावर ताळा हाच उपाय, आणि त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. मुळांची बेरीज −बी/ए, गुणाकार सी/ए. वरच्या समीकरणात गुणाकार −३/२ यायला हवा. ३ आणि १/२ चा येतो +३/२. चादरीच्या चुकलेल्या उत्तरात बेरीज −१० येते, हवी −२.५. हे संबंध याच प्रकरणात शिकवले जातात, पण स्वतंत्र प्रश्न म्हणून. प्रत्येक उदाहरणाखाली ताळ्याची ओळ लिहून घेण्याची सवय शिक्षकांनी लावावी, ही आमची कळकळीची विनंती आहे.

विवेचक नेहमी वेगळ्या ओळीत काढावा. सहगुणक पूर्णांक असताना तो पूर्ण वर्ग आला तर अवयवही पडतात; क्ष² − ९क्ष + २० = ० साठी सूत्र वापरणे म्हणजे वेळ घालवणे. शिवाय पायऱ्यांना गुण असल्याने पुढे आकडेमोड चुकली तरी ती ओळ वाया जात नाही.

शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांना एकच समीकरण देऊन पाहावे : ३क्ष² = १०क्ष − ४. उत्तर (५ ± √१३)/३. विवेचक ५२ ऐवजी १४८ आला, तर पदे चिन्ह न बदलता अलीकडे आणली आहेत. (५ ± २√१३)/३ आले, तर √५२ चे २√१३ बरोबर केले, पण २ ने भागताना फक्त १० ला भागले. आणि ५ ± (√१३)/३ असे लिहिले, तर श्रीधराचार्यांच्या त्या पाच ओळी पुन्हा फळ्यावर घ्याव्यात.

आपले,
माध्यमिक गणिताचे काही शिक्षक,
सोलापूर