जाखडीची लय आणि लॅपटॉपची जाळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भातलावणी आटोपली की गणपतीपर्यंत कोकणातल्या तरुणांना जरा उसंत मिळते. त्याच दिवसांत 'लॅपटॉपवर म्युझिक करायचंय, काय घेऊ?' अशी विचारणा सुरू होते. प्रश्न नेहमी खरेदीचाच. म्हणून हे पत्र.

पहिले तीन महिने काही घेऊ नये. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि तारेचा हेडफोन पुरतो. ब्लूटूथ नको, कारण त्यात आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही उशिरा कानी येऊ शकतो. पट्टी दाबली आणि सूर मागून आला की शिकणारा स्वतःलाच बेताला समजू लागतो. तार लावूनही उशीर जाणवला तर सॉफ्टवेअरमधला बफर बघावा, म्हणजे लॅपटॉप आवाजाचे किती नमुने साठवून एकदम पुढे पाठवतो तो आकडा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या सॅम्पल रेटला १०२४ चा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे ३. वाजवताना १२८ आणि मिक्सला (सगळे आवाज एकमेकांत बसवायला) बसताना १०२४ ठेवावा. भरलेल्या प्रोजेक्टवर १२८ च राहिला तर प्रोसेसरची दमछाक होते आणि आवाजात कडकड सुरू होते.

सॉफ्टवेअरचे म्हणाल तर एलएमएमएस फुकट आहे. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतो, पुढे वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा. एफएल स्टुडिओच्या चाचणी आवृत्तीत सगळे चालते, फक्त सेव्ह केलेले प्रोजेक्ट पुन्हा उघडत नाही. हे बहुतेकांना रात्र जागून काम केल्यावर कळते! क्रॅक केलेल्या प्रती व्हायरस घेऊन येतात, त्यांच्या वाटेला जाऊच नये.

खरी अडचण पुढे येते. गावच्या जाखडीचे, म्हणजे ढोलकी-झांजेवरच्या कोकणी नाच-गाण्याचे, ध्वनिमुद्रण घ्यायचे आणि त्याखाली इलेक्ट्रॉनिक किक (ड्रमचा खोल ठोका) ठेवायची, हा इथल्या नवशिक्याचा आवडता पहिला प्रयोग. प्रयोग चांगलाच आहे, पण फसतो. ढोलकीवाला मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारे यंत्र) लावून वाजवत नाही आणि नाच रंगला की लय चढते. समजा प्रोजेक्ट १०० बीपीएमवर (मिनिटाला १०० मात्रा) आहे आणि ढोलकी १०२ वर. दर मात्रेला फरक फक्त १२ मिलिसेकंदांचा, पण सोळा मात्रांत तो १८८ होतो, म्हणजे मात्रेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. मग दोघेजण दोन वेगळ्या दारांतून घरात शिरल्यासारखे ऐकू येते.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे ध्वनिमुद्रण ताणून १०० वर बसवणे. तो करू नये. ताणल्याने थापेची सुरुवातीची धार बोथट होते, घुंगरांचा नुसता खरखराट उरतो आणि चढती लय सपाट होते ती वेगळीच. उलट करावे, ढोलकीला हात न लावता सॉफ्टवेअरमधली मात्रांच्या रेषांची जाळी तिच्यामागे न्यावी. प्रत्येक आवर्तनाची सम शोधून तिथे टेम्पो मार्कर (इथून लय किती ते सांगणारी खूण) ठेवावा. रीपरमध्ये एक आवर्तन निवडून त्यावरून माप (बार) तयार करण्याची सोय आहे. तीन मिनिटांच्या गाण्याला तासभर जातो, पण मग किक ढोलकीबरोबर धावते. आपल्या हाताने वाजवलेल्या नोटाही शंभर टक्के क्वांटाइझ करू नयेत, म्हणजे जाळीच्या रेषांवर तंतोतंत चिकटवू नयेत, निम्म्यावर थांबावे. ठेक्याचा झुलता भाग रेषेच्या जरासा मागे असतो आणि गोडी तिथेच असते.

मुद्रण फोनवर केले तरी चालते. मात्र झांज जवळून घेतली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. तीन-चार मीटर लांब उभे राहावे, आवाजाचे शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावे. मिक्स करताना किक आणि ढोलकीची धुम एकाच जागेसाठी भांडतात. ८० हर्ट्झखाली ढोलकी कापून ती जागा किकला द्यावी. ५० हर्ट्झची किक फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, म्हणून तिला थोडे सॅच्युरेशन (आवाजाची मुद्दाम केलेली हलकी फाट) द्यावे, म्हणजे १०० आणि १५० हर्ट्झचे स्वर उमटतात.

चार-चार मात्रांच्या आठ बारच्या तुकड्यात अडकून राहणे हा तर जगभरचा रोग. १२० बीपीएमच्या लयीत ते फक्त १६ सेकंद होतात. ओबडधोबड का होईना, तीन मिनिटे पूर्ण करावीत.

पुढे माइक आणि इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) घेतलाच तर पावसाळ्यात तो सिलिका जेलसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. खारी हवा जॅक खाते. मुद्रणात घूं असा आवाज आला तर चार्जर काढून बॅटरीवर करून बघावे.

आणि ज्या शाहिराचे गाणे घेतले, त्याला आधी विचारावे. शेवटच्या कडव्यात बहुधा कवीचे नाव गुंफलेले असते. गाणे लांबते म्हणून नेमके तेच कडवे कापू नये.

आपले,
ध्वनिमुद्रणाचे काम करणारे काही वाचक, रत्नागिरी