तुझी चिमणी

प्रिय चिमणे,

दीड वर्ष झालं, तुझ्या पत्राला उत्तर नाही. मी बरी आहे, गुडघा अधूनमधून कुरकुरतो, बस. आज राहवलं नाही म्हणून लिहितेय. तुझा चिमणीचा पुठ्ठ्याचा साचा माझ्या हातून कापला गेला.

ताईच्या नातीसाठी शुभेच्छापत्रं करत होते. 250 जीएसएमचा जाड कागद, रिकाम्या रिफिलने घडीची रेघ दाबून घेतली, घडी घातली, साच्याची पाठ घडीच्या जरा बाहेर ठेवली, अगदी तू शिकवलंस तसं. फक्त रेघ मारून साचा उचलायचा, तो उचलला नाही. त्याच्याच कडेने कटर फिरवत गेले. गळ्याच्या वळणावर पातं घसरलं आणि पुठ्ठ्यात शिरलं. चोच एकीकडे, धड एकीकडे. धडावर तुझं अक्षर, ‘ही बाजू घडीवर, कापू नये’, खाली दोन रेघा. आठवतं ना, त्या दोन रेघा कशासाठी होत्या? तेव्हा मी घडीसकट सगळीकडून गोल कापलं होतं आणि हातात दोन सुट्या चिमण्या आल्या. “यांनी फारकत घेतली,” म्हणालीस आणि आपण दोन दिवस बोललो नाही. तू आधी सांगितलं नव्हतंस, हे मी आजही म्हणेन.

चिकटपट्टीने जोडून त्यावरून नवा साचा काढला. पण पेन्सिल कडेच्या बाहेरून फिरते गं. रेघेवरच कापलं, तर प्रत्येक नवा साचा आधीच्यापेक्षा केसभर जाड होतो. चार पिढ्यांत चिमणीची कोंबडी! मग टोकदार पेन्सिल घेतली, रेघेच्या आतून कापलं, वळणावर कात्री न वळवता कागदच फिरवला. दिसायला बरी झाली, पण उभी केली की चोचीवर पडते. तुझी कधी पडली नाही. शेजारी ठेवून पाहिल्यावर कळलं, मी शेपूट आखूड कापली होती. डोक्याचा भार पेलायला तू ती मुद्दाम लांब ठेवली होतीस. इतकी वर्षं मला ती नुसती ऐट वाटायची.

तुझ्या बदलीचं दादाकडून कळलं. आईंचा डोळा आता कसा आहे? धाकट्याला माझी शाबासकी सांग.

तर काल डब्यात तू पाठवलेलं पहिलं कार्ड सापडलं. मी नापास झाले होते त्या वर्षीचं. साचा तेव्हा नवा होता, म्हणून त्याची चोच अणकुचीदार आहे. साच्यावरची नंतर झिजून बोथट झाली आणि आपण सगळ्यांना बोथट चोचीच्याच चिमण्या पाठवत राहिलो. कार्ड खिडकीच्या काचेला लावून वर पातळ कागद धरला. उजेडात कडेबरोबर आतली तुझी ओळही दिसत होती. ती वाचत बसले आणि रेघ अर्धीच राहिली. मग आज सकाळी पुरी केली.

सोबत दोन्ही रेखाटनं आहेत, टोकदार चोचीचं आणि बोथट चोचीचं. मला ठरवता येत नाही. सरांनाही कार्ड पाठवायचंय, त्यांना बोथटच ओळखीची आहे, पण तू कापली होतीस ती टोकदार. यातलं एक निवड, तुझ्या हाताने पुठ्ठ्यावर काप आणि ‘कापू नये’ची ती ओळ पुन्हा लिहून पाठव, दोन रेघांसकट. सरांचं कार्ड तोवर थांबवलंय.

तुझीच,
मी